फक्त विचारायचं

वस्तीत त्यांचं नाव पडलं होतं ‘प्रश्नवाल्या बाई’. विद्यापीठात त्या प्राध्यापक होत्या, बावीस वर्षं शिकवत होत्या, पण गल्लीला त्यांच्या पदव्यांशी काही देणंघेणं नव्हतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या खांद्यावर कापडी पिशवी अडकवून यायच्या, दार वाजवायच्या आणि मागच्या महिन्याचेच प्रश्न पुन्हा विचारायच्या. एका म्हातारीने तर त्यांना तोंडावर विचारलं होतं, “बाई, मागच्या खेपेला सांगितलेलं तुमच्या लक्षात राहत नाही का हो?”

त्यांचा अभ्यास असा होता. निवडणुकीला आठ महिने होते. एका प्रभागातली तीनशे वीस घरं त्यांनी निवडली होती. महिन्याला एक फेरी, अशा आठ फेऱ्या. गेल्या आठवड्यात काय वाचलंत, काय ऐकलंत, फोनवर काय आलं, आणि अमुक उमेदवारावर तुमचा भरवसा दहापैकी किती? माणसाचं मत नेमकं कधी आणि कशानं सरकतं, ते बाईंना पकडायचं होतं. एकदा मत बदललं की माणूस शपथेवर सांगतो, माझं पहिल्यापासून हेच मत. म्हणून ते बदलत असतानाच तिथे हजर असायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

नियम एकच. फक्त विचारायचं, सांगायचं काही नाही. समोरचा काहीही बोलो, मान डोलवायची नाही, भुवईसुद्धा उचलायची नाही. विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीपुढे बाईंनी तशी लेखी हमी दिली होती.

सहा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली होते, तरी अठ्ठावीस घरं त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. त्यातलं एक तात्यांचं.

तात्यांनी एका छापखान्यात एकतीस वर्षं प्रूफं तपासली होती. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण डोळ्यांची खोड गेली नव्हती. पहिल्या फेरीला बाईंनी कागद पुढे केला, तर तात्यांनी चष्मा चढवला, शर्टाच्या खिशातलं लाल पेन काढलं आणि वरच्याच ओळीत खूण केली.

“‘निवडणुक’ नव्हे, ‘निवडणूक’. णू दीर्घ. तीनशे वीस घरांत ही चूक वाटणार तुम्ही?”

“घरटी दोन, सहाशे चाळीस प्रती छापल्यात, तात्या,” बाई ओशाळून म्हणाल्या.

“मग सहाशे चाळीस चुका.”

आतून काकू हसल्या. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत तात्यांची खाट, दोन खुर्च्या आणि रेडिओ, आत स्वयंपाकघर. काकूंना शुगर होती. उजव्या पायाला टाचेजवळ एक जखम होती, ती भरायची आणि पुन्हा फुटायची. गल्लीच्या टोकाला डॉक्टरांचा दवाखाना होता. दर आठ दिवसांनी काकू तिथे जाऊन पट्टी बदलून यायच्या. अठरा वर्षं हेच चाललं होतं. आणि हीच डॉक्टर या वेळी निवडणुकीला उभी होती.

“भरवसा दहापैकी?” बाईंनी विचारलं.

“नऊ,” तात्या म्हणाले. “एक मार्क अक्षरासाठी कापला. तिची चिठ्ठी वाचता येत नाही.”

काकूंनी दहा सांगितले.

फोनवर काय येतं, या प्रश्नाला तात्या खुलले. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. आधी दर रविवारी फोन करायचा. बढती मिळाल्यापासून त्याला वेळ होत नसे, पण रोज काही ना काही पाठवायचा. एखादं भाषण, एखादा विनोद, कुठल्यातरी पुढाऱ्याची चिरफाड. तात्या ते इमानेइतबारे वाचायचे, शुद्धलेखनाच्या चुका सुधारायचे आणि सुधारलेला मजकूर त्याला परत पाठवायचे.

“तो काय म्हणतो त्यावर?”

“अंगठा पाठवतो,” तात्या म्हणाले. “वाचतो म्हणजे.”

कागदावर चौकटी होत्या: वर्तमानपत्र, रेडिओ, टीव्ही, फोन. बाईंनी ‘फोन’वर खूण केली. ‘मुलगा’ अशी चौकट त्यांच्या कागदावर नव्हती.

चार फेऱ्या अशाच गेल्या. नऊ, नऊ, आठ, नऊ. पाचव्या फेरीनंतर शाळेच्या सभागृहात डॉक्टरांची सभा झाली. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. प्रत्येक उमेदवाराची एक सभा पूर्ण रेकॉर्ड करायची, हा अभ्यासाचाच भाग होता, आणि तशी परवानगी त्यांनी फक्त अभ्यासापुरती घेतली होती. डॉक्टर काही फर्ड्या वक्त्या नव्हत्या. माइकपासून लांब उभ्या राहायच्या आणि वाक्य अर्ध्यावर सोडायच्या. त्या दिवशी मात्र एकदा त्यांचा आवाज चढला.

“काही लोक मला विचारतात, या वस्तीला दवाखाना कशाला हवा, ही माणसं औषधं नेतात आणि कचऱ्यात टाकतात. असं म्हणणाऱ्यांनी एक दिवस माझ्या दवाखान्यात येऊन बसावं!”

टाळ्या पडल्या. चार दिवसांनी साऱ्या प्रभागाच्या फोनवर अकरा सेकंदांची एक क्लिप फिरायला लागली. तिच्यात डॉक्टरांचाच चेहरा होता, डॉक्टरांचाच आवाज. “या वस्तीला दवाखाना कशाला हवा, ही माणसं औषधं नेतात आणि कचऱ्यात टाकतात.” पुढचं नाही, मागचं नाही.

बाईंनी ती विभागातल्या आपल्या टेबलाशी पाहिली. डॉक्टरांच्या माणसांनी सभा रेकॉर्ड केली नव्हती. पूर्ण वाक्य जगात दोनच ठिकाणी होतं: ज्याने कापलं त्याच्याकडे, आणि बाईंच्या फोनमध्ये.

सहाव्या फेरीला त्या तात्यांकडे गेल्या. तात्या खाटेवर होते, काकू दारातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या.

“सहा,” तात्या म्हणाले.

बाईंनी लिहिलं. कारण विचारणं नियमात बसत होतं, म्हणून विचारलं.

“क्लिप पाहिली ना तुम्ही? मुलानं पाठवली. मी आधी हसलो. म्हटलं, ती असं बोलणार नाही. मग कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं दाखवली, मग रेडिओवर चर्चा झाली. आणि मग मला आठवलं.” तात्या पुढे झुकले. “दोन वर्षांपूर्वी हिला ओरडली होती ती. ‘गोळ्या नेता आणि टाकता कुठे?’ असं म्हणाली होती. आठवतं ना गं?”

“अहो, मी खरंच घेत नव्हते गोळ्या,” काकू म्हणाल्या. “काळजीनं बोलल्या त्या.”

“तुला काय कळतंय! तेव्हापासूनच तिच्या मनात होतं ते.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. एक खोटी गोष्ट बाहेरून येते आणि आतल्या एखाद्या खऱ्या आठवणीला चिकटते, मग ती सोडवता येत नाही, हे त्यांनी स्वतःच एका लेखात लिहिलं होतं. ते असं दोन हातांवर घडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. “काकू, तुमचे दहापैकी किती?”

काकूंनी तात्यांकडे पाहिलं. “लिहा सहाच.”

दुसऱ्याच दिवशी बाई विभागप्रमुखांच्या खोलीत गेल्या. प्रमुख सज्जन माणूस होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, आणि वादळ अंगावर घ्यायची हौस नव्हती.

“माझ्याकडे मूळ रेकॉर्डिंग आहे, सर. मला ते बाहेर द्यायचंय.”

“कुणाला?”

“डॉक्टरांना. पेपरला. लोकांना.”

“आणि उद्या म्हणतील, विद्यापीठ एका उमेदवाराचा प्रचार करतंय.” प्रमुखांनी चष्मा पुसला. “आपण ताप मोजणारी माणसं आहोत. ताप मोजता मोजता औषध पाजलंत, तर तुमचे सहा महिन्यांचे आकडे कचऱ्यात. बरं, कमिटीकडे अर्ज करा. त्यांनी हो म्हटलं तर माझी ना नाही.”

बाईंनी त्याच संध्याकाळी अर्ज केला. कमिटी महिन्यातून एकदा बसायची. बैठकीच्या दिवशी सातांपैकी तिघेच आले, म्हणून बैठक पुढे गेली. पुढच्या तारखेला अध्यक्ष परगावी होते.

घरी बाईंचा नवरा शाळेतल्या मुलांचे गणिताचे पेपर तपासत बसायचा. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “हे बघ, नियम पाळायचा असेल तर पाळ आणि मोडायचा असेल तर आजच मोड. उशिरा मोडलास तर तेलही जाईल नि तूपही.”

“इतकं सोपं असतं तर!”

“सोपं कुठे म्हणतोय मी,” तो म्हणाला आणि पुढचा पेपर ओढला. बाईंनी त्या दिवशीही काही केलं नाही. कमिटीची तारीख येईल, अशी वाट बघत राहिल्या.

सातव्या फेरीला त्या गेल्या तेव्हा दार काकूंनी उघडलं नाही. तात्या उठून आले. काकू आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजव्या पायाला जुन्या पातळाचं फडकं गुंडाळलेलं होतं, त्यातून पाणी पाझरत होतं. खोलीत वास होता.

“काकू, पट्टी कधी बदलली?”

हा प्रश्न कागदावर नव्हता.

“महिना झाला,” काकूंच्या आधी तात्याच बोलले. “मुलगा म्हणाला, बाबा, आईला कशाला पाठवता तिथे? बरोबर आहे त्याचं. आम्ही कचरा ना तिच्या लेखी? मी घरीच बांधतो. मलम आणलंय चांगलं. तुमचे प्रश्न विचारा. भरवसा दहापैकी एक. लिहा.”

बाईंनी कागद पिशवीत ठेवला. फोन काढला आणि म्हणाल्या, “तात्या, मला आज विचारायचं नाही. सांगायचंय. त्या सभेत मी होते. पूर्ण वाक्य माझ्याकडे आहे. ऐका.”

तात्यांनी ऐकलं. एकदा, दोनदा, मग फोन कानाशी धरून डोळे मिटून तिसऱ्यांदा. पूर्वी एखादं अवघड पान दिव्याखाली धरत असतील तसे. आत काकूही कान देऊन होत्या.

तात्यांनी डोळे उघडले. “हे जोडलेलं आहे.”

“काय?”

“‘काही लोक मला विचारतात’ हे नंतर चिकटवलंय. आवाज बघा, इथे पडलाय, पुढे चढलाय. एकतीस वर्षं प्रूफं तपासली मी. नंतर घुसडलेला मजकूर मला वासानं कळतो.”

“तात्या, मी स्वतः तिथे बसले होते! माझ्या हातानं रेकॉर्ड केलंय.”

“मग इतके दिवस का नाही बोललात?”

नियम होता, अर्ज केला होता, कोरम नव्हता. यातलं काय सांगणार?

“म्हणजे,” तात्या सावकाश म्हणाले, “माझा मुलगा मला खोटं पाठवतो, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“त्यालाही कुणीतरी पाठवलं असेल. तो फसला असेल.”

“तो मूर्ख, मी मूर्ख, आणि तुम्ही तेवढ्या शहाण्या. सात महिने माझ्या घरात बसून माझं मन लिहून नेलंत. मी तुम्हाला खरं खरं सांगत होतो, आणि तुम्ही होतात तिचं माणूस.” ते उठले आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. “या आता.”

“काकूंना दवाखान्यात न्या तात्या, तिथे नाही तर दुसरीकडे न्या. मी रिक्षा बोलावते, आत्ता. पाय जाईल त्यांचा.”

“या म्हटलं ना.”

बाईंनी आत काकूंकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी हळूच मान हलवली: जा.

बाई तिथून थेट गल्लीच्या टोकाला गेल्या. डॉक्टरांना सगळं सांगितलं, रेकॉर्डिंगही दिलं. डॉक्टर तडक काकूंकडे गेल्या, पण दार उघडलं गेलं नाही. पूर्ण भाषण त्या संध्याकाळी फोनवर फिरायला लागलं. फिरायला म्हणजे काय, रांगायला. पुढच्या चार दिवसांत बाईंच्या विद्यार्थ्यांनी मोजलं: अकरा सेकंदांची क्लिप तीनशे वीसपैकी दोनशे नव्वद घरांनी पाहिली होती, पूर्ण भाषण सदतीस घरांनी. आणि त्या सदतिसांतल्या निम्म्यांना तेच बनावट वाटत होतं.

तात्या मात्र घरात बसून राहिले नाहीत. प्रश्नवाल्या बाई डॉक्टरणीच्या पगारी आहेत, ही बातमी त्यांनी न्हाव्याला सांगितली, न्हाव्यानं सगळ्यांना. आठव्या फेरीला पंच्याऐंशी घरांनी दार उघडलं नाही. एका घरातून बाईंच्या विद्यार्थिनीवर बादलीभर पाणी आलं. जिथे दार उघडलं, तिथे माणसं इतकं जपून बोलत की प्रत्येक जण दहापैकी पाच म्हणू लागला. विभागप्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, “आठवी फेरी धरता येणार नाही. सातवीही धुऊन गेल्यासारखीच.” त्याच आठवड्यात कमिटीचं पत्र आलं. अर्ज मंजूर झाला होता.

निवडणूक झाली. डॉक्टर अकराशे चाळीस मतांनी पडल्या.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी बाईंना कळलं की काकू मोठ्या रुग्णालयात आहेत. त्या भेटायला गेल्या. स्त्रियांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट होती. तात्या औषधं आणायला खाली गेले होते. पांघरूण उजव्या बाजूला गुडघ्याखाली सपाट होतं.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांनी रुमालानं डोळे पुसले.

“तुम्ही कशाला रडता?” काकू म्हणाल्या. “तुम्ही सांगितलं होतं की. तापानं फणफणले तेव्हा यांनीच उचलून आणलं मला. रात्रंदिवस इथेच असतात. बोलत नाहीत काही.”

“मुलगा आला होता?”

“येऊन गेला दोन दिवस. बापलेक बाहेर बाकावर बसून असायचे. मग त्याची सुट्टी संपली.” काकूंनी बाईंचा हात धरला. “एक सांगू? रागवू नका. मी मत डॉक्टरांनाच दिलं. यांनी हाताला धरून नेलं मतदानाला, मी लंगडत लंगडत गेले आणि आत जाऊन डॉक्टरांनाच दिलं.”

“पण तुम्ही तर सहा म्हणालात. मग सातव्या वेळी...”

“सातव्या वेळी तुम्ही विचारलंच नाही. आणि आधीचं म्हणाल तर, हे समोर बसलेले असायचे ना. पहिल्या खेपेला यांच्यापेक्षा एक जास्त सांगितला, तर दिवसभर घरात धुसफूस. म्हणून हे म्हणतील ते म्हणायचं. माझं कसलं सहा न् काय? माझे दहाच होते, अगदी शेवटपर्यंत.” त्या किंचित हसल्या. “गल्लीतल्या सगळ्या बायकांचं तेच असणार. कुणाचा नवरा शेजारी नसतो, बाई?”

बाईंच्या डोळ्यांपुढे तीनशे वीस घरं होती, तीनशे वीस बाहेरच्या खोल्या, आणि दाराशी किंवा भिंतीला टेकून बसलेल्या बायका, ज्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं होतं आणि मग उत्तर दिलं होतं. आपल्या अठ्ठावीस घरांत ते त्यांनी पाहिलं होतं. लिहिलं मात्र होतं फक्त उत्तर.

जिन्यावर तात्यांची चाहूल लागली तशी काकूंनी हात सोडला. तात्यांनी बाईंना पाहिलं, पिशवी खाटेखाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. बाई “येते” म्हणाल्या. तात्या वळले नाहीत, पण “बरं” म्हणाले.

परतताना त्या डॉक्टरांकडे गेल्या. दवाखान्यात पूर्वी सकाळी बसायला जागा मिळत नसे. आता बाकावर दोघेच होते. ते गेल्यावर डॉक्टरांनी हात धुतले आणि समोर येऊन बसल्या.

“काकूंना भेटलात?”

“हो.”

“मी दोनदा गेले. पहिल्या खेपेला तात्या मला बघून बाहेर निघून गेले. दुसऱ्या खेपेला थांबले.” मग म्हणाल्या, “तुम्हाला एक विचारायचं होतं. तुमचा तर अभ्यासच आहे. खरं सांगा, मी त्या क्लिपमुळे पडले? की लोकांना मी नकोच होते?”

बाईंनी पिशवी मांडीवर घेतली.

“क्लिपमुळे असेल तर मी पुढच्या वेळी पुन्हा उभी राहीन,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि नकोच असेन, तर ही जागा सोडून भावाकडे जाईन म्हणते. तो बोलावतोय केव्हाचा. एवढंच कळायला हवंय मला. हो किंवा नाही.”

अगदी एवढंच शोधायला बाई आठ महिने दारोदार फिरल्या होत्या. विभागात तीन कपाटं भरून कागद होते. पहिल्या सहा फेऱ्यांत बायकांची उत्तरं नवऱ्यांची, सातवी त्यांनी स्वतः मोडलेली, आठवीला दारं बंद.

“मला नाही सांगता येत,” त्या म्हणाल्या.

“अंदाजानं?”

“अंदाजानंही नाही. जे सांगता आलं असतं, ते माझ्याच हातून गेलं.”

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांनी दोष दिला नाही, आणि बाईंना वाटलं, दिला असता तर बरं झालं असतं. तेवढ्यात दारात एक बाई लेकराला कडेवर घेऊन उभी राहिली. आत यावं की नाही, अशी घुटमळत होती. डॉक्टर उठल्या. “या, या ना,” म्हणाल्या, आणि पोराच्या कपाळाला हात लावून त्याला उजेडाकडे घेऊन गेल्या.

पुढच्या महिन्यात बाईंनी अभ्यासाचा अहवाल लिहिला. चौदा पानांचा झाला, त्यातली नऊ पानं या अभ्यासावरून काय काय सांगता येणार नाही, याचीच होती. विभागप्रमुखांनी तो वाचून सही केली. डॉक्टरांनी दवाखाना अजून सोडलेला नाही. सोडणार नाही, असंही त्या म्हणत नाहीत.